पाळणुकीचं पिल्लू

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवाव्यात, असं आज परतताना गाडीत मोबाईलवर वाचलं. कधी खाल्लं, कधी बाहेर नेलं, कुठे घाण केली. निरीक्षण आणि निष्कर्ष हे शब्द मुलांच्या डोक्यात घालण्यात माझी निम्मी नोकरी गेली, तेव्हा नोंदींना मी भिणार नाही. कुत्र्याचा अनुभव मात्र शून्य.

नवऱ्याच्या, स्वरूपच्या गावी, जांबोटीच्या पुढे, आज पाळणूक होती. पौषापासून पाच मंगळवार गाव पाळतं. मधल्या मंगळवारी नुसतं शेतात जायचं नाही. पहिल्या आणि शेवटच्या मंगळवारी मात्र अख्ख्या गावानं उजाडायच्या आत शिवेबाहेर पडायचं. गुरं, कोंबड्या, मांजरं, कुत्री, सगळं बरोबर घेऊन. घरं सारवायची, पाण्याची भांडी भरायची, चुलीत विस्तव झाकून ठेवायचा आणि दाराला कुलूप लावायचं नाही. दिवसभर गाव त्यांचं. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं, असं मी सासूबाईंना विचारलं. "ज्यांचं आधी हुतं त्यांचं," एवढंच म्हणाल्या. मी शहरात, टिळकवाडीत वाढलेली, वकिलाची मुलगी. लग्नाला आठ वर्षं झाली, पण दरवर्षी शाळेची सबब सांगून पाळणूक चुकवत आले. यंदा लेकीनं, चिनूनं हट्ट धरला म्हणून रजा टाकली.

दुपारी माळावर पंगत बसली आणि रिकाम्या गावातून पिल्लाचं केकाटणं ऐकू यायला लागलं. चिनूच्या गळ्याखाली घास उतरेना. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हायलं असंल कुणाचं तरी. सांजच्याला बघू. आता आत जायाचं न्हाय." एवढासा जीव दिवसभर तिथे उपाशी ओरडत बसणार आणि हे इकडे वांग्याची भाजी वाढून घेणार. मला ते बघवेना. मी आडोशाला जाते असं सांगून उठले आणि काजूच्या बागेतून गावात शिरले.

गल्ली झाडून लख्ख होती. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर तांबूस रंगाचं, पांढऱ्या पायांचं पिल्लू ताठ बसलेलं होतं. मी गेले तेव्हा त्याचं ओरडणं थांबलं होतं. घरात चूल पेटली होती आणि भाकरीचा वास येत होता. कुणीतरी म्हातारं माणूस मागे राहिलं असणार. मी बाहेरूनच विचारलं, "पिल्लू नेऊ का हो?" आतून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. तोच होकार समजून मी पिल्लू पदरात घेतलं.

माळावर परतले तर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी पिल्लाला हात लावला नाही.

"कुठनं उचललंस?"

"शेवटच्या घराच्या उंबऱ्यावरनं. आत कुणीतरी आहे, आई. भाकऱ्या चालल्यात."

"त्या घरात कोण न्हाय गं. आमी समदी हितंच हाव." मग म्हणाल्या, "आता ते त्यांच्यात जेवलंय. शेवटच्या मंगळवारी परत आण आणि त्याच उंबऱ्यावर ठेव. ज्या हातानं उचललंस त्याच हातानं. न्हायतर ते तुमच्या वळणावर न्हाय जायाचं, तुमी त्याच्या वळणावर जाशिला. आणि पोरीला लई गुंतू देऊ नकोस. पोरं लगेच शिकत्यात."

संध्याकाळी माझे सासरे, आप्पा, शिवेच्या दगडापाशी उभे राहिले आणि गावाकडे तोंड करून ओरडले, "आमी येताव, वाट द्या." सगळे थोडा वेळ थांबले, मग आत गेले. आम्ही मात्र पिल्लू घेऊन तिथूनच गाडी वळवली. चिनूनं त्याचं नाव काजू ठेवलं आहे.

बुधवार, ८ जानेवारी

पिल्लू का ठेवून घेतलं तेही लिहिते. चिनू सहा वर्षांची झाली. पहिलीत गेल्यापासून ती रोज अंथरूण ओलं करते. बाथरूमला एकटी जात नाही, दार लावून घेत नाही, मी दिसले नाही तर रडून घर डोक्यावर घेते. डॉक्टर म्हणाले, मोठी होईल तशी सुधारेल. मला रोज सकाळी चादर धुताना तसं वाटत नाही. माझा तोल जातो, मी तिला टाकून बोलते आणि मग शाळेत दिवसभर मला स्वतःचीच चीड येते. एखादा प्राणी सोबतीला असला तर तिला धीर येईल, असं वाटतं. माझं जे काही पणाला लागलंय ते एवढंच.

आज हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली होती. ती सगळी कोरडी राहिली. सकाळी उठले तर काजू परसदाराशी बसलेला. कुंईकुंई नाही, पंजे घासणं नाही. दार उघडलं तरी तो बाहेर जाईना. माझ्या बाजूला, माझ्या डोक्याहून जरा वर बघत बसून राहिला. मग कुणी 'जा' म्हटल्यासारखा उठला, अंगणातल्या कोपऱ्यात जाऊन सगळं उरकून आला आणि पाय पायपुसण्यावर टेकवून आत आला. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पायपुसणं ओलांडून येतात.

शुक्रवार, १० जानेवारी

घरात एक थेंब नाही. मी बक्षिसासाठी बिस्किटाचे तुकडे करून डब्यात भरले होते, ते चिनूनं खाल्ले. काजूला शिकवायला माझ्याकडे काही उरलेलंच नाही.

एक गंमत. ताटलीत दूधभाकरी दिली की तो तोंड लावत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघत थांबतो. तिथे काहीही नाही, गॅसची जादा टाकी आहे. थोड्या वेळानं खातो. स्वरूपला दाखवलं. तो म्हणाला, "मोठ्यांचं झाल्यावर खायाचं, ही चांगली सवय आहे की. तुझ्या माहेरी कुणाला न्हाय." उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर लोखंडाशी झगडून आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून आले.

काजू आज विचित्र वागला. मी हॉलमध्ये गेले की तो उठून स्वयंपाकघरात, स्वरूप स्वयंपाकघरात गेला की तो झोपायच्या खोलीत. माणूस आलं की ती खोली सोडायची. घाबरून नाही, जागा करून दिल्यासारखा उठायचा. शेवटी चिनू म्हणाली, "आई, आपण सगळे बाहेर जाऊया ना. त्याला घर पाहिजे." सणाच्या निमित्तानं आम्ही दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत फिरून आलो.

परत आलो तर वरच्या मजल्यावरच्या विद्युल्लताबाई जिन्यात भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, वायफळ बोलत नाहीत. म्हणाल्या, "निवेदिता, सासू-सासरे आलेत का? मघापासून बोलणी ऐकू येतायत. सणाला आले, बरं झालं." मी म्हटलं, टीव्ही राहिला असेल. टीव्ही बंद होता. फरशी मात्र ओली होती, नुकती पुसल्यासारखी. स्वरूपनं पुसली असं मी धरून चाललेय, तो मी पुसली असं धरून चाललाय. नवराबायकोत एवढा घोळ चालायचाच.

शुक्रवार, १७ जानेवारी

चादर कोरडी. कालही कोरडी होती आणि परवाही, पण मी मुद्दामच लिहिलं नव्हतं, माझीच दृष्ट लागेल म्हणून. आज लिहिते. आज मी चादरीवरून हात फिरवला आणि मला रडू आलं. चिनू उठून काजूबरोबर परसदाराशी गेली, तिथे दोघं जरा थांबली आणि मग ती एकटी बाथरूमला गेली. दार लावून. आतून कडी घालून.

मी बाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या. तिनं बाहेर आल्यावर माझ्याकडे बघितलं आणि "एवढं काय त्यात?" असं मोठ्या बाईसारखं म्हणाली.

सोमवार, २० जानेवारी

सासूबाईंचा फोन. चिनू कोरडी झोपते, हे मी आनंदानं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "कशी काय?"

"काजूचं बघून शिकली. पिल्लू आपणहून दाराशी जातं, हीपण जाते."

"आपणहून न्हाय गं जात ते. कुणीतरी सांगतंय म्हणून जातंय." मग आवाज खाली आणून, "निवेदिता, शेवटच्या मंगळवारी घेऊन ये. इसरू नकोस. माझी नात हाय ती."

मी 'बघू' म्हटलं. मी आणणार नाही. इतके महिने डॉक्टर, गोळ्या, रागावणं, समजावणं करून जे झालं नाही ते दोन पसे दूधभाकरी खाणाऱ्या जीवानं करून दाखवलं. त्याला कुठल्या तरी भीतीपोटी नेऊन उंबऱ्यावर टाकायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

बुधवार, २२ जानेवारी

आम्ही नसताना काजू काय करतो ते बघायला स्वरूपनं जुना मोबाईल शोकेसवर लावून ठेवला. संध्याकाळी चहा घेत आम्ही बघत बसलो. बराच वेळ रिकामा हॉल. मग काजू येतो, मधोमध बसतो, वर बघतो. शेपूट हलवतो. पुढचा पाय उचलून देतो. आडवा होतो, उठतो, पुन्हा वर बघतो. मग तोंड पुढे करून अलगद काहीतरी घेतो आणि चावून खातो. खाली फरशीवर काही नव्हतं.

स्वरूप हसता हसता थांबला. "त्याला पाय द्यायला तू शिकवलंस?"

"नाही. मला वाटलं तू."

त्यानं मोबाईल काढून कपाटात ठेवून दिला. चहा गार झाला होता, तो मी पुन्हा गरम केला.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. सगळे मिळून गेलो, बाहेरच खाल्लं, आणि मग घरी जावंसं वाटेना म्हणून बागेत बसलो. हे आता वरचेवर होतं. मी शाळा सुटली तरी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसते. स्वरूप उद्यमबागेतून उशिरा निघतो. घराचा कंटाळा आला असं नाही. उलट घर इतकं छान कधीच नव्हतं. आलं की भांडी जागच्या जागी, फरशी थंडगार. आपण नसलो की घर जास्त नीट राहतं, एवढंच.

येताना आणखी एक लक्षात आलं. कुलूप काढलं आणि आम्ही तिघं दारातच उभे राहिलो. कुणी कुणाला थांब म्हटलं नव्हतं. चिनू आत डोकावून म्हणाली, "आम्ही येतोय." थोड्या वेळानं, "चला आता."

मी विचारलं, "हे कशाला गं?"

"एकदम गेलं की त्यांना उठायला वेळ मिळत नाही."

"कुणाला?"

ती विचारात पडली. मी मुद्दाम सोपा प्रश्न अवघड करून विचारतेय, असं तिला वाटलं असावं. "आपण नसताना असतात त्यांना," म्हणाली आणि पाय पायपुसण्यावर टेकवून आत गेली. मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते.

मंगळवार, २८ जानेवारी

आजचं क्रमानंच लिहिते.

मी शाळेतून येईपर्यंत चिनू वर विद्युल्लताबाईंकडे असते. आज बाई म्हणाल्या, "ती कधीच खाली गेली. आजी बोलावतेय म्हणाली. मीही हाक ऐकली." मी खाली आले. दाराला आतून कडी. हाक मारली.

आतून चिनूचा आवाज आला, शांत. "आई, थांब. अजून जेवण व्हायचंय."

मी दार वाजवत सुटले. काजू गुरगुरला. तो गुरगुरू शकतो हे मला माहीत नव्हतं. आत खुर्च्या सरकल्या. एक नाही, बऱ्याच. मग चिनूनं दार उघडलं. घरात ती आणि काजू, आणखी कुणी नाही. भाकरीचा वास मात्र होता, आणि आमच्याकडे सकाळी चपात्या केल्या होत्या.

तिच्या केसांना तेल चोपडलेलं होतं आणि घट्ट वेणी घातलेली होती. कपाळावरचे केस मागे ओढून, खेड्यात जुन्या बायका घालतात तशी, टोकाला पांढऱ्या सुताची गाठ. मी तिला अशी वेणी घातली नाही. मला येतही नाही. मी वर धावत गेले आणि विद्युल्लताबाईंना विचारलं. त्यांनी आपली संधिवातानं वाकडी झालेली बोटं माझ्यापुढे धरली.

मी वेणी सोडली. चिनू ओरडून रडली. तिला कितीतरी दिवसांनी रडताना ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात बरं वाटलं.

सासूबाईंना फोन करून सांगितलं, मंगळवारी येतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

चिनूला सांगितलं. तिनं अन्न सोडलं. काजूच्या गळ्यात हात टाकून कॉटखाली जाऊन बसली. स्वरूप तिची समजूत काढतोय. "सोन्या, तो त्याच्या गावाला जाणार. आपण भेटायला जाऊ की."

"तो रडेल. आई त्याला नीट धरत नाही."

ते खरं आहे. मला त्याला हात लावावासा वाटत नाही आता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पिल्लू ठेवून आलो. मोकळं वाटतंय. सगळं नीट लिहून ठेवते.

गाव पुन्हा माळावर जमलं होतं. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं. मी एकटीनं जायचं, उंबऱ्यावर ठेवायचं, मागं न बघता यायचं. मी काजूला उचललं आणि निघाले. हातात तो कडक झाला, वेळूच्या काठीसारखा, आणि तोंड वर करून केकाटायला लागला. गल्लीच्या तोंडाशी पोचले तोवर मागून पावलं वाजली. चिनू आजीचा हात सोडवून धावत आली होती.

"आई, मी ठेवते. माझ्याकडं असला तर तो रडणार नाही."

मी तिला परत जा म्हटलं. ती गेली नाही. तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं, हुंदके आवरत नव्हते, आणि तो माझ्या हातात तडफडत होता. मी तिच्याकडे दिला. दिल्याबरोबर तो गप्प झाला. माझा हात काय आणि तिचा हात काय, एकाच घरातले. लेकराला निरोप तरी घेऊ दे, असं माझ्या मनात आलं.

शेवटच्या घराचं दार उघडं होतं. आत चूल पेटलेली होती. चिनू उंबऱ्याशी थांबली, वर बघितलं, आणि काजूला घेऊन आत गेली. मी गल्लीत उभी राहिले. ती हळू आवाजात कुणाला तरी काहीतरी सांगत होती, काजूला असेल. मग बाहेर आली. एकटी. डोळे कोरडे. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चल." माझ्यापेक्षा तीच शहाणी निघाली.

माळावर सासूबाईंनी विचारलं, "तूच ठेवलंस न्हवं? पोरगी मागनं आलती."

"मीच ठेवलं," म्हटलं. झालं ते झालं, उगीच वाद कशाला.

संध्याकाळी आप्पांनी हाक दिली आणि लोक शिवेच्या आत शिरले. तेवढ्यात गल्लीतून काजू उड्या मारत आला. कान उडतायत, जीभ बाहेर, सरळ येऊन त्यानं स्वरूपच्या बुटावर पाय वर केला. पाय वर करायचं वयसुद्धा नाही त्याचं, तोल जाऊन पडला. सगळी माणसं पोट धरून हसली. सासूबाईंनी पहिल्यांदा त्याला उचलून घेतलं. "सोडलं त्येंनी ह्याला. आता न्ह्या खुशाल. साधं कुत्रं हाय आता." म्हणून तो पुन्हा गाडीत आला. मी त्याला चिनूच्या मांडीवर दिलं. तिनं त्याला खाली पायाशी ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. दमली असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काजूनं हॉलच्या मधोमध शी केली. मग सोफ्याच्या पायाशी शू. मग माझ्या तपासलेल्या वह्यांवर शू. स्वरूपची चप्पल खाल्ली. मी फडकं घेऊन त्याच्यामागे फिरले आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला जवळ घेतलं तर चेहराभर चाटलं. दूध दिलं तर ताटलीत उडी मारून प्यायला, थांबणं वगैरे काही नाही.

वर्तमानपत्रं पुन्हा पसरली. बिस्किटांचे तुकडे पुन्हा डब्यात. उद्यापासून पहिल्या धड्यापासून सुरुवात. विद्युल्लताबाईंनी विचारलं, खाली आता शांत आहे, पाहुणे गेले का? गेले म्हटलं.

चादर कोरडी आहे. ते वळण तेवढं टिकलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

काजू काही शिकत नाही. दाराशी नेलं की आत पळतो, आत आणलं की फरशी भिजवतो. लबाड आहे आणि मला तो आवडतो.

चिनू त्याच्याशी खेळत नाही. तो तिच्या जवळ जात नाही. ती खोलीत आली की शेपूट पायात घालून माझ्या मागे येतो. दोघांचं काहीतरी बिनसलं असेल. ती सकाळी आपणहून उठते, परसदाराशी बसते, ताठ. मी दार उघडते. ती माझ्या बाजूला, माझ्या डोक्याहून जरा वर बघते. मग उठते.

आज मी पुरणपोळी केली, तिच्या आवडीची. ती पानावर बसली आणि थांबली. मी म्हटलं, खा. ती कोपऱ्याकडे बघत राहिली. तूप थिजलं. मग खाल्लं, एक कण न सांडता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ती रडत नाही. काल पडली, गुडघा फुटला. मी धावले. तिनं मला हातानं थांबवलं आणि जखम वर धरून दाखवली. मला नाही. माझ्या मागे कुणाला तरी.

मी रात्रभर तिला कुशीत घेते. ती आखडून झोपते. आधी ही पोर माझ्या गळ्याला इतकी मिठी मारायची की श्वास कोंडायचा आणि मी वैतागायची.

आज सासूबाईंना फोन केला. ठेवलं ते मी नाही, चिनूनं ठेवलं, आणि ती आत गेली होती, असं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "जेवायच्या आधी थांबती काय?"

"हो."

"तुला आई म्हणून हाक मारती?"

मी आठवू लागले. आठवत राहिले.

"आई, काय करायचं ते सांगा ना. आत्ता येतो आम्ही, आत्ता निघतो."

"आता कुठं येतीस बाय," त्या रडत होत्या. "गाव भरलंय. आता पुढल्या पौषात."

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल झोपायच्या आधी चिनूला दोन पेले पाणी पाजलं. वर पेलाभर दूध. ती सगळं शहाण्यासारखं प्यायली. बाथरूमला पाठवलं नाही. मेणकापड काढून टाकलं. स्वरूप दारात उभा राहून बघत होता, मग येऊन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला. आम्ही दोघांनी देवाकडे आजवर जे मागितलं नव्हतं ते मागितलं.

सकाळी ती आमच्या आधी उठून परसदाराशी जाऊन बसली होती. मी पांघरूण बाजूला केलं आणि चादरीवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा एकदा, गादीच्या कडेपर्यंत. चादर कोरडी होती.